डीप फ्रीझरमध्ये पुन्हापुन्हा बर्फ साचणे आणि माल मऊ पडणे: दोष यंत्राचा की जागेचा?

आमच्या दहिसरच्या घरी २८० लिटरचा आडवा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर आहे आणि सलग तीन उन्हाळे त्याने एकच तक्रार दाखवली. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून कॉम्प्रेसर थांबेनासा होई, संध्याकाळी वरच्या थरातली मटाराची पाकिटे हाताला मऊ लागत, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की झाकणाच्या कडेखाली पंधरा दिवसांत बोटभर जाडीचा बर्फ जमे. ज्या घरात जानेवारीत मटार सोलून ठेवले जातात, मेमध्ये हापूसचा रस डब्यांत भरला जातो आणि पावसाळी मासेमारी बंदी सुरू होण्याआधी सुरमई आणि कोळंबी साफ करून पाकिटांत घातली जाते, त्या घरात नेमक्या मे-जूनमध्ये फ्रीझरने दगा देणे ही किरकोळ गैरसोय राहत नाही. दुसऱ्या वर्षी आम्हाला चार किलो मासळी टाकून द्यावी लागली.

पहिल्या वर्षी मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्या वर्षी झाकणाची रबरी पट्टी बदलली आणि तिसऱ्या वर्षी गॅस कमी झाला असावा म्हणून गॅस भरला. प्रत्येक दुरुस्तीनंतर फ्रीझर काही आठवडे नीट चालला आणि आमची खात्री पटली की दोष सापडला. आज मागे वळून पाहताना दिसते, की थर्मोस्टॅट बदलला तेव्हा जूनचा मध्य उजाडला होता आणि आभाळ भरून आल्यामुळे उष्मा उतरला होता. गॅस भरला तो ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर, आणि त्यापाठोपाठ थंडीचे दिवस आले. जे श्रेय ऋतूचे होते ते आम्ही दुरुस्तीला देत राहिलो. ही समस्या दरवर्षी परत येणाऱ्या घरांनी सर्वप्रथम आपल्या दुरुस्त्यांच्या तारखा कॅलेंडरवर मांडून पाहाव्यात. त्या प्रत्येक वेळी हवामान पालटण्याच्या आसपास येत असतील, तर आणखी एक सुटा भाग विकत घेण्याआधी थांबावे.

आमच्याकडे खरा धागा सासूबाईंना सापडला. त्या पहाटे उठतात आणि दिवसाचा पहिला नारळ फ्रीझरमधूनच काढतात. त्या म्हणाल्या, ‘‘सकाळी सगळं दगडासारखं असतं गं. संध्याकाळीच का मऊ पडतं?’’ यंत्र बिघडलेले असेल तर ते पहाटेही बिघडलेलेच असायला हवे, ही साधी गोष्ट त्या एका प्रश्नाने माझ्या लक्षात आणून दिली.

मग आठवडाभर मोजमाप केले. तारेच्या टोकाला संवेदक असलेले साधे डिजिटल थर्मामीटर दोन आणले. एकाचे टोक फ्रीझरच्या वरच्या थरातल्या दोन पाकिटांमध्ये ठेवले आणि दुसरे बाहेर टांगले. सकाळी सहा, दुपारी बारा, चार आणि रात्री दहा या वेळांना दोन्ही आकडे वहीत लिहिले. तेव्हा फ्रीझर बंदिस्त केलेल्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत होता. सकाळी सहाला बाल्कनीत २९ अंश सेल्सिअस असत आणि आत उणे १९. दुपारी चारला बाल्कनीत ४१ अंश असत आणि आत उणे ११. त्याच वेळी दिवाणखान्यातला आकडा ३३ होता. नंतर मी बाहेरचे टोक फ्रीझरची पाठ आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत सोडले, तर तिथे ४७ अंश निघाले.

हीच या समस्येची मुख्य चाचणी आहे आणि ती कोणालाही करता येते. पहाटे आतले तापमान उणे १८च्या आसपास येत असेल, त्या वेळी कॉम्प्रेसर अधूनमधून थांबत असेल आणि दुपारनंतर सगळे ढासळत असेल, तर यंत्र बहुतेक निरोगी आहे आणि त्याची जागा चुकली आहे. पहाटेच्या गारव्यातही, झाकण आठ तास उघडलेले नसताना, आकडा उणे १०च्या खाली जात नसेल, तर मात्र मेकॅनिकला बोलावणे योग्य. आतला बर्फही बोलका असतो. चारही भिंतींवर सारखा, पातळ थर असेल तर तो झाकण उघडझाप करताना आत शिरलेल्या दमट हवेचा किंवा गरम-गरम ठेवलेल्या पदार्थाच्या वाफेचा असतो. एकाच कोपऱ्यात, काठाजवळ जाड बर्फ असेल तर तिथे झाकण नीट टेकत नाही. आणि भिंतीच्या एका पट्ट्यावर बर्फ, उरलेली भिंत जवळजवळ कोरडी, असे दिसत असेल तर गॅस कमी झाल्याची शंका घ्यायला जागा आहे.

बाल्कनीतल्या त्या ४७ अंशांचा अर्थ समजून घ्यायचा तर फ्रीझर काय करतो ते पाहावे लागते. तो थंडी निर्माण करत नाही; तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर टाकण्याचे काम कंडेन्सर नावाची नळी करते. पूर्वीच्या फ्रीजच्या पाठीवर ती काळ्या जाळीच्या रूपात उघडी दिसे. आजच्या बहुतेक घरगुती डीप फ्रीझरमध्ये ती बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असते आणि म्हणून फ्रीझरच्या कडा हाताला गरम लागतात. ‘बाजू तापतात’ ही तक्रार अनेक जण करतात, पण तो बिघाड नाही, ते यंत्राचे चालू असलेले काम आहे. ज्या बाजूने उष्णता बाहेर पडायची त्याच बाजूला आपण भिंत चिकटवली, गुंडाळलेली गादी टेकवली, तांदळाचे पोते लावले किंवा रद्दीचा गठ्ठा रचला, तर ती उष्णता तिथेच कोंडते. मुंबईच्या घरात कोणतीही मोकळी फट फार दिवस मोकळी राहत नाही, हे मी जाणून आहे. आमच्या फ्रीझरच्या डाव्या अंगाला इस्त्रीचे टेबल आणि घडीची खाट अशा दोन वस्तू कायम टेकलेल्या होत्या.

आता तापमानातला फरक पाहा. खोली २७ अंशांवर आणि फ्रीझर उणे १८वर असेल तर दोन्हींमध्ये ४५ अंशांचा फरक असतो. खोली ४० अंशांवर गेली की तोच फरक ५८ होतो, म्हणजे भिंतींमधून आत झिरपणारी उष्णता सुमारे २९ टक्क्यांनी वाढते. तितकी जास्त उष्णता उपसायची, आणि तीही आधीच तापलेल्या हवेत टाकायची, अशी दुहेरी ओढ कॉम्प्रेसरवर पडते. फ्रीझरच्या पाठीवरच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: एन वर्ग ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८पर्यंत आणि टी ४३पर्यंत. आमचा टी वर्गाचा असल्यामुळे मुंबईत कुठेही चालेल, अशी आमची समजूत होती. परंतु त्या मर्यादेचा हिशेब यंत्राच्या भोवतालच्या हवेला धरून असतो, शहराच्या वेधशाळेतल्या आकड्याला धरून नव्हे. शहरात ३४ अंश असताना काचा लावलेल्या पश्चिमेच्या बाल्कनीत ४१ आणि भिंतीलगतच्या फटीत ४७ असू शकतात, आणि फ्रीझर त्या ४७शी झगडत असतो. थेट ऊन पत्र्यावर पडत असेल तर पत्रा त्याहूनही तापतो.

इथवर कळल्यावर बाल्कनीला बांबूचे पडदे लावून आणि फट वाढवून पाहिले. दुपारचा आकडा उणे १४वर आला, म्हणजे निम्मी समस्या सुटली. एका कोपऱ्यातला जाड बर्फ मात्र तसाच राहिला. तो कोपरा नेहमी तोच असे: घराच्या बाजूने उभे राहिल्यावर उजवीकडचा, ग्रिलच्या बाजूचा. रबरी पट्टी तर नवीच होती. कागदाची चाचणी केली. ही चाचणी जुनी आणि विश्वासार्ह आहे. कागदाची पट्टी झाकणाखाली अर्धी ठेवून झाकण बंद करावे आणि कागद हळूच ओढावा. सगळीकडे तो थोडा अडकून यायला हवा. आमच्याकडे तीन कोपऱ्यांत तो अडकला आणि चौथ्यात लोण्यातून सुरी यावी तसा सुटून आला.

त्याचे कारण जमिनीत होते. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला असतो, आणि असायलाच हवा. आमच्या बाल्कनीचा उतार ग्रिलकडच्या कोपऱ्यातल्या नळीकडे आहे. फ्रीझरचे तीन पाय टेकलेले आणि चौथा किंचित अधांतरी, अशा स्थितीत भरलेल्या मालाच्या वजनाने पत्र्याची पेटी थोडी पिळली जाते, आणि पेटी पिळली की सपाट झाकण एका कोपऱ्यात उचलले जाते. फट डोळ्यांना दिसत नाही, पण पावसाळ्यातली हवा तिच्यातून चोवीस तास आत शिरत राहते. पाण्याची लेव्हल ठेवून पाहिली तर बुडबुडा एका टोकाला पळाला. मेकॅनिकने पट्टी बदलली तेव्हा नवी पट्टी जाड आणि मऊ असल्याने काही दिवस ती फट बुजली. पट्टी बसल्यावर फट परत आली. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की पट्टी बदलण्याआधी लेव्हल लावावी. पायांखालचे स्क्रू फिरवून किंवा पक्की रबरी पाचर घालून फ्रीझर समपातळीत आणावा, एक दिवस जाऊ द्यावा आणि मग कागदाची चाचणी परत करावी. पट्टी कडक झाली असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून, हेअर ड्रायरची हलकी ऊब देऊन ती पुष्कळदा पूर्वीसारखी टेकू लागते.

पावसाळ्याच्या दमटपणाचे गणितही इथेच सांगून टाकते. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असताना एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. जानेवारीत, २४ अंश आणि ६० टक्क्यांना, तेच प्रमाण १३ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे तीच फट जुलैमध्ये जानेवारीच्या दुप्पट पाणी आत सोडते, आणि उणे १८ अंशांना हवेत पाणी जवळजवळ मावतच नसल्यामुळे ते सगळे बर्फ होऊन भिंतीला चिकटते. आडव्या फ्रीझरचा एक मोठा गुण असा, की थंड हवा जड असल्याने झाकण वर उघडले तरी ती पेटीत बसून राहते. उभ्या फ्रीझरचे दार उघडल्यावर ती पायांवरून वाहून जाते तसे इथे होत नाही. परंतु फ्रीझरच्या बरोबर वर पंखा असेल किंवा समोरच्या खिडकीतून वारा येत असेल, तर हा गुण वाया जातो. नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा मुंबईत पश्चिम आणि दक्षिणेच्या बाल्कन्यांत शिरतो, त्यामुळे मेमधले ऊन आणि जुलैतला ओला वारा अशा दोन्ही गोष्टी एकाच बाल्कनीच्या वाट्याला येतात. आपल्या घरात बाल्कनीशिवाय पर्यायच नसेल तर उत्तरेची किंवा पूर्वेची बाल्कनी त्या मानाने पुष्कळ बरी. समुद्राजवळच्या इमारतींत खारा वारा पत्रा आणि नळ्या लवकर गंजवतो, म्हणून तिथे उघडी बाल्कनी मी कोणालाही सुचवणार नाही.

जागा बदलायची हे ठरल्यावर घरातल्या उरलेल्या जागांचा विचार सुरू झाला. सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा स्वयंपाकघर येते, कारण माल तिथेच लागतो. आमचे स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट आहे. शेगडीपासून लांब अशी एकच भिंत होती आणि तिथे फ्रीझर ठेवला असता तर दोन माणसांना एका वेळी आत वावरता आले नसते. जागा मोठी असली तरी शेगडीची धग आणि फोडणीचा तेलकट धूर या दोन गोष्टी विसरू नयेत. ज्या फ्रीझरचा कंडेन्सर खालच्या जाळीमागे पंख्यासह असतो, त्या जाळीवर तेल आणि धूळ मिळून घट्ट थर बसतो आणि उष्णता बाहेर पडणे बंद होते. अशी जाळी दर तीन महिन्यांनी, प्लग काढून, मऊ ब्रशने साफ करावी लागते.

दुसरा पर्याय चार फूट बाय पाच फुटांच्या कोठीचा होता. दार लावले की फ्रीझर नजरेआड होतो, म्हणून घरातल्या सगळ्यांना तो आवडला. मी त्याला विरोध केला आणि त्याची कारणे दोन होती. फ्रीझर जितकी वीज खातो तितकी सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. दिवसाला पावणेदोन युनिट वीज लागत असेल, तर ते सरासरी ७० वॅटचा दिवा बंद कोठीत अहोरात्र जळत ठेवण्यासारखे आहे. खिडकी नसलेल्या कोठीत ही ऊब साठत जाते आणि फ्रीझर स्वतःच्याच उष्णतेत शिजत राहतो. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीझरमध्ये आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा वायू असतो. तो ओझोनच्या थराला हानी करत नाही, पण तो ज्वलनशील आहे. त्याचे प्रमाण थोडे असते, तरीही दर ८ ग्रॅम वायूमागे खोलीत किमान एक घनमीटर हवा असावी, असा नियम उत्पादकांच्या पुस्तिकांत दिलेला असतो. आमच्या फ्रीझरच्या पट्टीवर ६२ ग्रॅम लिहिले आहे, म्हणजे पावणेआठ घनमीटर खोली हवी. नऊ फूट उंचीची ती कोठी धरूनही सुमारे पाच घनमीटरच भरते. आपल्या फ्रीझरच्या पट्टीवरचा आकडा वाचून हा हिशेब दोन मिनिटांत करता येतो.

इमारतीच्या सामाईक मार्गिकेत, जिन्याखाली किंवा लिफ्टसमोर फ्रीझर ठेवण्याचा विचारही करू नये. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा तोच रस्ता असतो, आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतले असे मार्ग मोकळे ठेवणे अपेक्षित आहे. शेजारी काही बोलत नाहीत म्हणून तो रस्ता आपला होत नाही.

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी पाण्याची पातळी हा सगळ्यांत आधीचा प्रश्न आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ज्या घरांत पाणी शिरले, त्या घरांत ते पुन्हा शिरणारच नाही असे धरून चालता येत नाही. कॉम्प्रेसर आणि त्याच्या विजेच्या जोडण्या फ्रीझरच्या अगदी तळाशी असतात. विटांचा पक्का ओटा बांधून त्यावर फ्रीझर ठेवणे योग्यच, पण फूटभर ओट्यावर ३३ इंच उंचीचा फ्रीझर ठेवला की झाकणाची कड ४५ इंचांवर जाते आणि घरातल्या वयस्कर बाईला तळातली पिशवी काढता येत नाही. अशा घरात कमी उंचीचा, लहान फ्रीझर घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पाणी शिरलेला फ्रीझर नुसता पुसून, वाळवून चालू करू नये. जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय प्लगला हातही लावू नये.

वजनाची भीती मात्र बहुतेक वेळा वाजवीपेक्षा जास्त असते. आमचा रिकामा फ्रीझर ५० किलोच्या आसपास आहे आणि गच्च भरल्यावर तो २०० किलोंपर्यंत जातो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात निवासी खोल्यांच्या लादीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला आहे, आणि तो सगळ्या खोलीभर पसरलेला धरलेला असतो. म्हणून सुस्थितीतल्या इमारतीत खोलीच्या आत, भिंतीलगत किंवा तुळईजवळ ठेवलेला फ्रीझर चिंतेचा विषय नाही. जुन्या इमारतीची पुढे आलेली बाल्कनी, जिच्या खालच्या बाजूचे प्लास्टर सुटले आहे आणि गंजलेल्या सळ्या दिसत आहेत, तिची गोष्ट वेगळी. तिथे फ्रीझरच काय, मोठ्या कुंड्याही ठेवू नयेत आणि आधी संरचना अभियंत्याला दाखवावे.

विजेच्या जोडणीकडे आम्हीही दुर्लक्ष केले होते. बाल्कनीत प्लग नव्हता, म्हणून बेडरूममधून एक्स्टेंशनची वायर खिडकीच्या फटीतून आणली होती. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. लांब आणि बारीक वायरमध्ये त्या क्षणी विजेचा दाब (व्होल्टेज) पडतो, कॉम्प्रेसर सुरू होण्याची धडपड करून थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा धडपडतो. ‘टक’ असा आवाज, दोन-तीन सेकंदांची गुरगुर आणि पुन्हा ‘टक’, असे वारंवार ऐकू येत असेल तर वायर आणि दाब तपासावा. फ्रीझरला भिंतीतला स्वतंत्र, अर्थिंग असलेला पॉइंट हवा. पावसाळ्यात बाल्कनीतला प्लग ओलसर होऊन गळतीचा प्रवाह वाहू लागला की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, पडतो, आणि तो पडायलाच हवा, कारण तो माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. त्याला बगल देण्याऐवजी प्लग कोरड्या जागी आणावा. हा स्विच पडला की फ्रीझरही बंद राहतो, म्हणून हे खास करून त्यांच्यासाठी सांगते, जे गणपतीत घर बंद करून आठ-दहा दिवस गावी जातात. आम्ही जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवतो. परत आल्यावर नाणे बर्फाच्या वरच असेल तर मधल्या काळात आतला माल वितळला नव्हता. नाणे आत रुतलेले किंवा तळाशी गेलेले असेल तर पाकिटे पुन्हा कडक दिसली तरी ती आम्ही खात नाही.

शेवटी जागा ठरली ती दिवाणखान्यातली आतली भिंत. तिच्या पलीकडे आमचीच बेडरूम आहे, त्यामुळे तिला ऊन लागत नाही. घरातल्यांना दिवाणखान्यात फ्रीझर ठेवणे रुचत नव्हते आणि पाहुणे काय म्हणतील हा प्रश्नही निघाला. मी फ्रीझर हलवण्याआधी त्याच्या मापाचे, ४४ इंच बाय २६ इंच, वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून जमिनीवर अंथरले आणि भिंतीपासून सहा इंच सोडले. आठवडाभर आम्ही त्या कागदावर पाय न ठेवता वावरलो. त्यातून दोन गोष्टी उघड झाल्या. बेडरूमचे दार पूर्ण उघडेल, पण कपाटाचे दार फ्रीझरला आपटेल. आणि झाकण पूर्ण उघडल्यावर ते पाच फुटांपर्यंत जात असल्यामुळे भिंतीवरची फळी काढावी लागेल. कपाट सरकवले, फळी काढली. ही चाचणी नवा फ्रीझर विकत घेण्याआधी केली तर आणखी उत्तम, आणि तेव्हाच जिन्याचे वळण, लिफ्टचे दार आणि स्वयंपाकघराची चौकट यांचीही मापे घ्यावीत.

हलवताना फ्रीझर आडवा पाडू नये. वळणावर तो कलवावा लागला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत गेलेले असू शकते, म्हणून नव्या जागी सरळ ठेवल्यावर काही तास थांबून मगच चालू करावा. आम्ही रात्रभर थांबलो. माल शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये आणि बर्फ घातलेल्या दोन थर्माकोलच्या पेट्यांत होता. हलवण्याच्या निमित्ताने आतला सगळा बर्फही काढला. त्यासाठी कोमट पाण्याचे पातेले आत ठेवून झाकण उघडे ठेवले आणि सुटलेला बर्फ लाकडी उलथन्याने काढला. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, कारण थंड करणारी नळी आतल्या पातळ भिंतीच्या लगेच मागे असते आणि तिला भोक पडले की ज्वलनशील वायू बाहेर येतो.

नव्या जागी आल्यावर वहीतले आकडे असे आहेत: मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी चारला दिवाणखाना ३३ अंश, फ्रीझर आणि भिंत यांच्यामधली फट ३५ अंश, आतला वरचा थर उणे १८. कॉम्प्रेसर साधारण २० मिनिटे चालतो आणि तितकाच वेळ थांबतो. पावसाळ्यात कडेला येणारा बर्फ आता चार महिन्यांत पाच-सहा मिलिमीटरपर्यंत जातो आणि तेवढा झाला की आम्ही तो काढतो. जुलैच्या फार दमट दिवसांत झाकणावर बाहेरून घाम येतो, कारण झाकणात बाजूंसारखी उबदार नळी नसते. सुती फडक्याने तो पुसला की पुरे. झाकणावर टेबलक्लॉथ अंथरण्याची सासूबाईंची इच्छा होती, पण कापडाखाली ओल साचून पत्रा गंजतो, म्हणून आम्ही ते टाळले.

फ्रीझर शक्यतो तीन चतुर्थांश भरलेला ठेवण्याची सवयही याच काळात लागली. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबई आणि आसपासच्या शहरांची वीज एकदम गेली, त्या दिवसापासून मला भरलेल्या फ्रीझरची किंमत कळली आहे. गच्च भरलेला आणि न उघडलेला फ्रीझर थंडावा दीर्घकाळ धरून ठेवतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मार्गदर्शनात भरलेल्यासाठी ४८ तास आणि अर्ध्या भरलेल्यासाठी २४ तास सांगितले आहेत. मुंबईच्या मेमध्ये मी त्याहून कमी धरून चालते. माल संपत आला की रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या, वरून तीन बोटे रिकाम्या ठेवून, गोठवून ठेवतो.

गॅस भरायला आलेल्या मेकॅनिकना मी ती वही दाखवली. त्यांनी आकडे शांतपणे वाचले आणि म्हणाले, ‘‘ताई, मला बोलावलं तेव्हा फ्रीझर कुठं ठेवलाय ते मी बघितलं होतं, पण तुम्ही जागेबद्दल विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.’’ त्यानंतर ते पहिल्या फोनवरच गिऱ्हाइकाला फ्रीझर कोणत्या भिंतीला लागून आहे, त्यावर ऊन किती वाजता येते आणि पहाटे माल कडक असतो का, हे तीन प्रश्न विचारतात.